डावं बटन आणि माझा साडभाऊ

मी मत्सरी माणूस आहे. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणाची फसगत व्हायला नको. दिवाळी अंकात आमच्यासारख्या कारागिराला लिहायला सांगतात तेव्हा त्यानं 'इतकी वर्षं सचोटीनं सेवा केली, गिऱ्हाईक हाच देव मानला' असं काहीतरी लिहावं अशी अपेक्षा असते. गिऱ्हाईक देव वगैरे काही नसतं, राजेहो. गिऱ्हाईक माउसमध्ये खोबरेल तेल घालून आणतं आणि वर तोंड करून सांगतं, "म्या काईच नाई केलं, आपोआप बिघडला."

अमरावतीत राजापेठेत माझं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. होतं म्हणजे अजून आहे, पण आता मी दुपारनंतर जातो आणि जास्त वेळ खुर्चीच सांभाळतो. नागपूरला डिप्लोमा करून आलो तेव्हा आमच्या गल्लीत मला सगळे इंजिनेरसाहेब म्हणत. कम्प्युटर तेव्हा लोकांनी नुसता लांबून पाहिलेला असायचा, त्यामुळं तो उघडणाऱ्या माणसाला मान होता. मला तो मान फार आवडायचा.

या धंद्यात सगळ्यात हलकी वस्तू म्हणजे माउस. त्याच्यावर कुणी लेख लिहीत नाही. पण माणसाची ओळख मला माउसवरूनच झाली. जुन्या माउसच्या पोटात रबरी गोळी असायची तेव्हा अकोल्याकडच्या जिनिंगवाल्यांच्या माउसमधून समईची वात वळता येईल एवढा कापूस निघायचा. शेंदूरजनाघाटच्या एका संत्रा व्यापाऱ्याचा माउस उघडला तर आत मुंग्यांचं आख्खं बिऱ्हाड. एका हातानं फाका तोंडात अन् दुसऱ्या हातानं बिलं, हा त्यांचा हंगामभराचा कार्यक्रम. मी म्हटलं, "शेटजी, संत्रं खाऊन हात धूत जा न." ते म्हणाले, "हात धुवाले उठलो तं बिल कोन करंन?" 

दसरा झाला की माझा हंगाम. खंडेनवमीला हापिसांत कम्प्युटरची पूजा होते. पडद्याला हळदकुंकू लावा, माझी काही तक्रार नाही. पण काही भाविक लोक माउसलाही पाणी शिंपडतात, दोन बटनांच्या मधल्या फटीत कुंकू भरतात आणि वरून अक्षता टाकतात. चार दिवसांनी बटन दबत नाही म्हणून तोच माउस माझ्याकडं. एका कारकुनाच्या माउसमधून मी चिमट्यानं सहा तांदूळ काढून त्याच्या हातावर ठेवले. त्यानं ते डोक्याला लावले आणि खिशात ठेवले.

घरगुती औषधांची यादी तर विचारूच नका. शिलाई मशीनचं तेल, रॉकेल, मोटरसायकलच्या टाकीतलं पेट्रोल, बायकोचं नेलपॉलिश काढायचं पाणी, आरसा पुसायचं निळं पाणी. नेलपॉलिशच्या पाण्यानं माउसची पाठ मेणासारखी मऊ झालेली मी पाहिली आहे. लॉकडाऊनमध्ये एका शाळेच्या बाबूनं माउस सॅनिटायझरच्या वाटीत बुडवून ठेवला. सॅनिटायझरमध्ये हात मऊ राहावा म्हणून चिकट काहीतरी घालतात, ते आत वाळलं आणि बटन गुळासारखं चिकटलं. "बाईनं सांगितलं सगळं निर्जंतुक करा," हे त्याचं म्हणणं. आता बोला.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. माउसचं बटन आपण दाबतो ते नुसतं वरचं झाकण. त्याच्याखाली चिंचोक्याएवढी काळी डबी असते. डबीवर मोहरीएवढं पांढरं टोक आणि आत तांब्याची पातळ पट्टी. टोक दाबलं की पट्टी टुणकन खाली जाते आणि खालच्या ठिपक्याला शिवते. तो जो 'टिक' आवाज येतो तो त्या पट्टीचा. वर्षानुवर्षं दाबून पट्टी ढिली पडते, ठिपक्यावर काजळी धरते, आणि मग तुम्ही एकदा दाबलं तरी कम्प्युटरला वाटतं दोनदा दाबलं. फाईल एकदा उघडायची तर दोनदा उघडते, ओढत नेलेलं चित्र मधेच हातातून सुटतं. माणूस वेडा व्हायची पाळी येते. याला औषध एकच, उडून जाणारं: मागं काही न ठेवणारं स्पिरिट, किंवा बाजारात त्यासाठीच मिळणारा फवारा. तेल कधीच नाही. तेलानं बिजागरी मोकळी होते, पण विजेचा ठिपका तेलानं झाकला तर वीज कुठून जाईल? वर त्याच्यावर धूळ बसते आणि दोन आठवड्यांत आत काळा चिखल. हे मी हजार लोकांना सांगितलं असेल. माझ्या दुकानात पाटीच होती, 'बटनात तेल घालू नये'. हे लक्षात ठेवा.

आता साडूबद्दल.

माझी सासुरवाडी परतवाड्याची. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, एक मुलगा आणि दोन मुली. थोरली शीला मला दिली आणि धाकटी बेबी अकोल्याच्या सुधाकरला. सुधाकर घड्याळजी. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडं, एका अरुंद गल्लीत त्याचं हातभर दुकान. आठवी पास. लग्नकार्यात मामाजी पाहुण्यांना ओळख करून द्यायचे, "हे आमचे मोठे जावई, कम्पुटर इंजिनेर." आणि मग सुधाकरकडं हात करून, "अन् हे अकोल्याचे." बस, एवढंच. मी खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या व्हायच्या.

पण साडू हे नातंच वाईट. भावाशी तुलना आईबाप करतात आणि पोटात घालतात. साडूशी तुलना आख्खी सासुरवाडी करते, जेवणाच्या पंगतीत, तुमच्यासमोर. मामाजींचं मनगटी घड्याळ बंद पडलं, सुधाकरनं बसल्या बसल्या चालू केलं. टीव्हीचा रिमोट, सुधाकर. मिक्सरचं बटन, सुधाकर. मी म्हणायचो, "मामाजी, नवीन घ्या, आता हे कोणी दुरुस्त करत नाही." मी म्हणालो की सुधाकर शांतपणे खिशातून चिमटा काढायचा. हळूहळू त्या घरात काहीही बिघडलं की मामाजी म्हणू लागले, "राहू द्या, सुधाकर येईन तवा दाखवू." मी समोर बसलेलो असायचो. माझ्या हातात त्यांच्याच घरचा चहाचा कप असायचा आणि तो मला कडू लागायचा.

मग मोबाईल आले. घड्याळं लोकांच्या हातावरून गेली. मला वाटलं, आता सुधाकरचं दुकान बसतं. वाटलं म्हणजे, बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं. आणि या माणसानं काय करावं? त्यानं माउसची बटनं दुरुस्त करायला सुरुवात केली. शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा एक माउस त्यानं सहज उघडून पाहिला, आतली डबी पाहिली आणि म्हणाला म्हणे, "हे तं घड्याळापेक्षा सोपं आहे." डोळ्याला भिंग लावून तो डबीचं टोपण काढायचा, आतली पट्टी चिमट्यानं बाहेर घ्यायचा, मेडिकलमधून आणलेल्या स्पिरिटमध्ये कागदाचं चिटोरं बुडवून ठिपका पुसायचा आणि पट्टीला केसाएवढा बाक देऊन परत बसवायचा. मी सबंध माउस फेकून नवीन विकायचो. फार तर डबी बदलायचो. डबीच्या आत काही करता येतं हे मला माहीत होतं, पण माझ्या जाड बोटांनी ते टोपण एकदा उघडायला गेलो तर मोहरीएवढं टोक उडून गेलं ते आजवर सापडलं नाही. तेव्हापासून मी सांगायचो, "त्याच्या आतलं काम होत नसते."

होत होतं. अकोल्यात होत होतं. एके दिवशी माझ्या दुकानासमोरून माझंच एक जुनं गिऱ्हाईक, नोंदणी कार्यालयाबाहेर टायपिंग करणारे एक काका, हातात पुडकं घेऊन चालले होते. मी हाक मारली. म्हणाले, "काई नाई भाऊ, तीन माउस आहेत. अकोल्याच्या गाडीत देऊन राहिलो. तिथं जुन्या शहरात एक घड्याळजी आहे, मस्त करून देते." आणि मला माझ्याच साडूचा पत्ता समजावून सांगू लागले. मी म्हटलं, "हो का? मला माहीत नव्हतं." घरी येऊन मी जेवलो नाही. शीलानं विचारलं काय झालं, मी म्हटलं पित्त झालं.

वैशालीताईंचा माउस माझ्याकडं आला तो या सगळ्यानंतर.

वैशालीताई परतवाड्याला लग्नपत्रिका करतात. 'शुभविवाह'च्याही करतात आणि आमच्याकडच्या बौद्ध लग्नांच्या 'मंगल परिणय'च्याही. मेळघाटाच्या पायथ्यापर्यंतची लग्नं त्यांच्या कम्प्युटरवरून जातात म्हटलं तरी चालेल. लहानपणी मामाच्या वावरात हडंब्यात, म्हणजे मळणीयंत्रात, त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळची. अंगठा आणि शेवटची दोन बोटं राहिली. त्यांच्याकडं एक जुना माउस होता, रुंद, चपटा, वजनदार, बटनं भली मोठी. अंगठा एका बाजूनं आणि करंगळी दुसऱ्या बाजूनं धरली की करंगळीशेजारचं बोट तिरकं होऊन बरोबर डाव्या बटनावर पडायचं. तसा माउस आता कुणी बनवत नाही. त्याचं डावं बटन पूर्वी एकदा गेलं होतं तेव्हा मीच उजवीकडची डबी काढून डावीकडं बसवली होती. आता तीही गेली. त्या डबीचे पाय वेगळ्या मापाचे, नागपूरलाही मिळाली नाही.

"ताई, नवीन घ्या न एखादा," मी म्हटलं.

"चार घेऊन पाह्यले भाऊ. निरे उभट हायेत, हातातून सुटतेत. डाव्या हातानं करून पाह्यलं तं रेष वाकडी जाते. अन् लग्नाचा टाइम आहे, बम ऑर्डरी हायेत. तुमी कसंबी करा, पण हाच चालू करून द्या."

मला तेव्हाच सांगायला हवं होतं, "ताई, अकोल्याला जा, माझा साडू करून देईल." एवढं एक वाक्य. जिभेवर आलं होतं. पण ते उच्चारलं की उद्या परतवाड्यात, म्हणजे माझ्या सासुरवाडीच्या गावात, सगळ्यांना कळणार की इंजिनेर जावयाला जमलं नाही ते घड्याळजी जावयानं केलं. मामाजींना कळणार. मामाजी पंगतीत सांगणार. मी म्हटलं, "ठेवून जा. होऊन जाईल."

त्या गेल्यावर मी डबीत स्पिरिट सोडलं आणि शंभरदा टिकटिक केलं. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. पट्टीच ढिली झाली होती, टोपण उघडल्याशिवाय इलाज नव्हता. एकदा स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं उघडून पाहिलं. पट्टीची जी बारीक जीभ असते ती माझ्या हातून उलसी वाकली. घाबरून तसंच बंद केलं. मग माझी नजर गेली कपाटावरच्या फवाऱ्याच्या डब्याकडं. दाराची बिजागरी करकरली, कुलूप अडकलं की आपण मारतो तो, वंगणाचा. लांब नळी लावून डबीत एक फुसकारा मारला. आणि बटन असं झकास चाललं की विचारू नका. एकदा दाबलं की एकदाच.

मला माहीत होतं. पाटी माझ्याच दुकानात होती. वंगणानं काजळी सैल होते म्हणून पहिले काही दिवस बटन नव्यासारखं चालतं, मग जे व्हायचं ते होतं. अज्ञानानं केलं असतं तर आज लिहिताना हात जड झाला नसता. मी मनाशी म्हटलं, एवढा लग्नसराईचा हंगाम निघाला तरी पुरे.

हंगाम निघाला नाही. बारा-तेरा दिवसांत त्यांचा फोन आला. आवाज रडवेला. बटन आता दोनदा नाही, पाच-पाचदा लागत होतं, कधी लागतच नव्हतं. एका पत्रिकेत ओढताना आमंत्रकांची नावं सुटून नवरीच्या नावावर जाऊन पडली आणि तशीच छापायला गेली. त्या लोकांनी घरी येऊन नाही नाही ते ऐकवलं. दुसऱ्या दोघांनी आपलं काम काढून नेलं. "भाऊ, माहं नाव खराब होऊन राहिलं," त्या म्हणाल्या. "म्या कोनाले दोष देत नाई. पन हा चालला नाई तं मले बंदच करा लागंन. दुसरं मले काय येते?"

त्यांनी दोष दिला नाही, तेच लागलं. दुसऱ्या दिवशी माउस मागवून घेतला, उघडला. आत काळा चिखल. मी शीलाला सांगितलं, बडनेऱ्याला काम आहे, आणि अकोल्याच्या गाडीत बसलो. मूर्तिजापूर येईपर्यंत तीनदा वाटलं उतरावं आणि परत जावं.

सुधाकर दुकानातच होता. मला पाहून उठला, स्टूल पुसून दिलं. "या साडभाऊ. काहून, अचानक?"

मी माउस पुढं केला. "एका गिऱ्हाइकाचा आहे. माझ्याकडं वेळ नाही, म्हटलं तुम्ही पाहा."

त्यानं माउस उलटा केला, लेबलखालचा स्क्रू नखानं चाचपून बरोबर शोधला, पाठ उघडली आणि नाकाजवळ नेली. त्याला वास आला. येणारच.

"फवारा मारला का याच्यात कोनं?"

"गिऱ्हाइकानंच मारला असेल. लोक ऐकतात का?"

"असंन," तो म्हणाला. माझ्याकडं पाहिलं नाही. भिंग डोळ्याला चढवलं, मांडीवर पांढरं फडकं पसरलं, दोन टाचण्यांनी टोपण असं अलगद उचललं की आवाजसुद्धा झाला नाही. पांढरं टोक फडक्यावर पडलं, पट्टी चिमट्यात आली. स्पिरिटमध्ये धुतली, पुसली, पुन्हा धुतली. मग उजेडाकडं धरून बराच वेळ पाहत राहिला.

"साडभाऊ, याची जीभ वाकली आहे. कोनं तरी पेचकसानं उघडली."

मी माउसची उघडलेली पाठ हातात घेऊन उगाच पुसू लागलो.

"सरळ कराले पाहतो. पन तांबं एकदा वाकलं अन् पुन्हा सरळ केलं की कधी कधी तुटते. तुटली तं दुसरी नाई. करू का?"

त्याला माहीत नव्हतं की त्या जिभेवर कुणाची भाकर आहे. मला माहीत होतं. वैशालीताईंचा तो आवाज माझ्या कानात होता. मी म्हटलं, "करा." आणि तो चिमटा जवळ नेत असताना माझ्या मनात काय होतं सांगू? मला वाटत होतं, तुटावी. तुटली की त्यालाही जमलं नाही असं होईल. मग मी परतवाड्याला जाऊन सांगेन, ताई, अकोल्यापर्यंत नेऊन पाहिला, कुणालाच होत नाही. त्यांचा धंदा बसला असता, मला कळत होतं, आणि तरी मी तुटायची वाट पाहत होतो. एवढा वाईट मी दुसऱ्या कुठल्याच वेळी नव्हतो.

तुटली नाही. त्यानं तीन वेळा थांबून, श्वास धरून, जीभ सरळ केली, पट्टीला बाक दिला, डबी बंद केली. मग घड्याळजी करतो तसं माउस कानाला लावून बटन दाबलं. दहा-बारा वेळा. मान हलवली आणि माझ्या कानाला लावला. "ऐका. एकच येते न?"

एकच येत होता. स्वच्छ, एकच.  बेबीनं वरच्या घरातून चहा पाठवला, मी तो उभ्यानंच घेतला आणि निघालो. काय द्यायचं विचारलं तर तो म्हणाला, "तुमच्यापासून काय घ्याचं?" तेही मला आवडलं नाही.

माउस मी स्वतः परतवाड्याला नेऊन दिला. वैशालीताईंनी जोडला, पत्रिकेतला गुलाब इकडून तिकडं ओढला, पुन्हा ओढला. सुटला नाही. त्यांनी डोळ्याला पदर लावला. "भाऊ, एवढं कसं जमलं तुमाले?"

आणि मी म्हटलं, "मीच बसलो मग. आतली पट्टी वाकली होती, ती सरळ केली. दोन दिवस लागले."

त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव गावभर केलं. परतवाड्याचे, अचलपूरचे माउस माझ्याकडं येऊ लागले. जमले ते केले, नाही जमले त्यांना सांगितलं, याचं काही होत नाही. त्यातला एकही मी अकोल्याला नेला नाही. वैशालीताईंचा मात्र चालत राहिला.

याला दोन लग्नसराया झाल्या. यंदा माझ्या मेहुण्याच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका अर्थातच वैशालीताईंच्या. पत्रिकांना नावं घालायला आम्ही सगळे परतवाड्याला जमलो होतो. अंगणात सतरंजी, मधे मामाजी बाजेवर, मी आणि सुधाकर शेजारी शेजारी. वैशालीताई स्वतः गठ्ठा घेऊन आल्या. मला पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे भाऊ नसते तं ह्या पत्रिका झाल्या नसत्या. माहा धंदाच बसला असता. बाहेरच्या मानसानं एवढं नसतं केलं." आणि त्या माउसची सगळी हकीकत त्यांनी मामाजींना सांगितली. जुना होता, रुंद होता, डावं बटन गेलं होतं, यांनी दोन दिवस बसून आतली पट्टी सरळ केली.

सुधाकर ऐकत होता. रुंद, जुना माउस, वाकलेली जीभ. त्याला कळायला काय वेळ लागणार?

मामाजींनी भुवया उंचावल्या. "याइनं केलं? मले तं वाटलं, असं बारीक काम म्हंजे सुधाकरनंच केलं असंन."

सगळे हसले. मी सतरंजीकडं पाहत होतो. एक शब्द, फक्त एक नाव घ्यायचं होतं. मी घेतलं नाही.

सुधाकर म्हणाला, "नाई मामाजी. ते काम साडभाऊचंच. मले नसतं जमलं ते." आणि पुढची पत्रिका घेऊन त्यावर नाव लिहू लागला.

मामाजींनी माझ्याकडं पाहिलं, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तसं पाहिलं, आणि म्हणाले, "वा." ज्याच्यासाठी मी एवढं केलं ते मला मिळालं, ते असं.

परतीच्या गाडीत शीलानं आधी खिडकी लावून घेतली. मग म्हणाली, "तुमी अकोल्याले गेल्ते तवाच बेबीचा फोन आला होता मले. म्या वाट पाहून राहिली होती, आज तरी बोलान." 

सुधाकरच्या हाताचा मला हेवा वाटायचा, तो एक वेळ ठीक होता. हात सवयीनं तयार होतो, माझी बोटं जाड आहेत, डोळे कम्प्युटरनं गेले, अशी मनाची समजूत घालता यायची. पण अंगणात त्यानं जे केलं त्याचा हेवा कुठं नेऊन ठेवू? आपलं काम दुसऱ्याच्या पदरात टाकायचं, तेही चारचौघांत, आणि टाकल्याचं तोंडावर दिसू द्यायचं नाही. मला ते जन्मात जमलं नसतं. तेही त्यालाच जमलं. त्या दिवसापासून मी त्याच्यावर पहिल्यापेक्षा जास्त जळतो, हे खरं आहे आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही.

वैशालीताईंकडं मी मुद्दाम दोनदा जाऊन आलो. पहिल्या वेळी ऊन फार आहे असं बोललो. दुसऱ्या वेळी त्यांनी केलेली नवी पत्रिका पाहिली, छान आहे म्हणालो आणि उठलो. तोंडानं होत नाही, म्हणून इथं लिहून देतो. वैशालीताई, तुमचं बटन मी बिघडवलं. ते दुरुस्त केलं माझ्या साडूनं, सुधाकरनं, अकोल्याच्या जुन्या शहरात, माझ्या डोळ्यांसमोर. आणि तो ते करत असताना ते तुटावं म्हणून मी शेजारी बसून वाट पाहत होतो.